सड्यावर एक छप्पर हवं : सह्याद्रीलगतच्या विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुलं पत्र

मा. कुलगुरू महोदय,
शिवाजी विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांस,

सप्रेम नमस्कार. सह्याद्रीतल्या जंगलाच्या कडेला विद्यापीठांचं एक बारमाही अभ्यासकेंद्र असावं, ही मागणी करायला हे पत्र लिहिते आहे.

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, लागतो. पवनचक्क्यांमुळे तो आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. उन्हाळ्याच्या शेवटी, वळीव यायच्या सुमारास, तिथल्या दगडांवर नर सरडे चढून बसतात आणि गळ्याखालचा पंखा उघडमीट करतात. त्या पंख्यात निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग असतात. या सरड्यांवर २०१८ साली एक शोधनिबंध आला आणि जगभर गाजला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी झालेले दिसले. हे पक्षी कमी म्हणून सरडे वाढले. वाढलेल्या सरड्यांच्या अंगावर मात्र मांस कमी, पंख्याचा रंग फिका आणि भीतीही कमी. माणूस बराच जवळ आला तरी ते पळेनात. स्वच्छ म्हणून उभारलेल्या विजेच्या पात्यांनी सड्यावरचं सगळं जेवणाचं पान बदलून टाकलं, हे त्या अभ्यासाने आकडे मांडून दाखवलं.

हा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने केला. तो बाहेरच्यांनी का केला, असलं रडगाणं मला गायचं नाही. केला हे उत्तमच झालं. माझा प्रश्न वेगळा आहे. कोल्हापुरातून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी चाळकेवाडीत पोहोचतो. मग तिथलं हे कोडं आपल्यापैकी कुणाच्या डोळ्यांपुढे रोज का नव्हतं? बुद्धी कमी पडली असं मी म्हणणार नाही. आपल्या विद्यापीठांत वनस्पती ओळखणारी माणसं कुठल्या तोडीची आहेत ते देशाला ठाऊक आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती ज्या निगुतीने वाढवल्या आहेत, त्याला तोड नाही. घोडं पेंड खातं ते मुक्कामापाशी. आपण जंगलात जातो आणि परत येतो. राहत नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमची 'अभ्याससहल' कशी असते ते आपल्यापैकी बहुतेकांनी एकेकाळी स्वतः अनुभवलं असेल. सप्टेंबरात एसटीची किंवा खासगी बस ठरते. मुलं, डबे, वनस्पती दाबायच्या फळ्या, रद्दी पेपर. सड्यावर पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. ऊन-पाऊस, सेल्फी, घाईघाईत 'मॅडम, हे काय?', 'हे गेंद', 'आणि हे?', 'सीतेची आसवं'. ही सीतेची आसवं कीटक खाणारी वनस्पती आहे, जांभ्यावरच्या वीतभर मातीत नत्र नसतं म्हणून ती पाण्यातले बारीक जीव पकडते, हे सांगेपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. मुलींना जायला स्वच्छतागृह नसतं म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, त्यामुळे दुपारी तीनला दोघी-तिघींचं डोकं दुखतं. संध्याकाळी परत. नमुने दाबले, वहीत चिकटवले, गुण मिळाले.

आणि हे विज्ञान शाखेचं झालं. बाकीच्या शाखांना पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशामुळे मिळाला आणि २००३-०४ च्या सुमारास तो पदवीला सक्तीचा झाला. हेतू थोर होता. त्यातून निपजली ती 'प्रोजेक्ट वही'. प्रदूषणाचे प्रकार, ओझोनचा थर, रंगीत चित्रं, शेवटी 'झाडे लावा झाडे जगवा'. झेरॉक्सच्या दुकानात ती तयार मिळते. गेल्या वर्षीचं नाव खोडून यंदाचं घालायचं. मला स्वतःला अशा वह्या तपासायला लागतात, म्हणून हे जरा चिडून लिहिते आहे. पण मुलांचा दोष किती? त्यांना आपण कागद दिला आणि कागद मागितला.

माझी मागणी मोठी नाही. जंगलाच्या कडेला, कोयना-चांदोली-राधानगरीच्या किंवा कासच्या आसपास, विद्यापीठाचं एक बारमाही केंद्र असावं. शिकवणं, संशोधन आणि त्या जागेची देखभाल ही तीन कामं एकाच छपराखाली व्हावीत. तिन्ही म्हणजे तिन्हीच. त्यातलं एक सुटलं की उरलेली दोन लंगडी होतात. हा विचार नवा नाही. अमेरिकेत मोंटाना विद्यापीठाची अरण्यविषयक संस्था १९७५ पासून हेच करते. तिथं अरण्यावरचे अभ्यासक्रम चालतात आणि स्वयंसेवकांच्या तुकड्या डोंगरांत जाऊन वाटांची, मुक्कामाच्या जागांची, घुसखोर तणांची नोंद करून आणतात. शेजारच्या आयडाहो विद्यापीठाचं टेलर संशोधन केंद्र तर अशा ठिकाणी आहे की जिथं गाडीरस्ताच नाही. छोट्या विमानाने उतरायचं, नाहीतर पन्नासेक किलोमीटर पायपीट करायची.

त्या केंद्राची कहाणी सांगण्यासारखी आहे. १९६४ साली मॉरिस हॉर्नोकर नावाच्या तरुण संशोधकाने त्या खोऱ्यात पुमाचा, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजराचा, अभ्यास सुरू केला. तोवर पुमा म्हणजे हरणांचा काळ. दिसला की मारायचा आणि मारणाऱ्याला इनाम, अशी पश्चिम अमेरिकेत रीतच होती. हॉर्नोकर आणि त्याचे साथीदार हिवाळाभर बर्फातून कुत्र्यांच्या मदतीने पुमा शोधत, झाडावर चढवत, बेशुद्ध करून खूण करत आणि सोडून देत. एकाच जागी हिवाळ्यामागून हिवाळे हेच केल्यावर कळलं की पुमा एकमेकांची हद्द पाळतात, त्यामुळे त्यांची संख्या आपोआप आवरलेली राहते. आणि ते असूनही हरणांचे कळप वाढतच होते. या कामासाठी वापरात असलेला तिथला जुना गोठा-घरांचा मळा विद्यापीठाने १९७० मध्ये विकतच घेतला. पुढे दोन वर्षांत आयडाहोने पुमाला उपद्रवी प्राण्यांतून काढून संरक्षित शिकारीच्या यादीत घातलं. हे मुंबई-पुण्यातल्या एखाद्या परिषदेत शेकडो पानं वाचून झालं नसतं.

वेळेचं माप बघा. ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या अँड्र्यूज जंगलात १९८५ साली एक प्रयोग मांडला गेला. पाचशेहून जास्त ओंडके जमिनीवर ठेवले आणि ते कुजताना पाहायचं ठरवलं. मुदत २०० वर्षं! मांडणाऱ्यांनी गृहीतच धरलं की शेवट आपण पाहणार नाही. फार लांब जायला नको. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरचा पट्टा आखला आणि त्यातलं प्रत्येक झाड मोजायला घेतलं, आजही मोजतात. त्या संस्थेत परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं ते पुण्याच्या माधव गाडगीळांनी. म्हणजे माणूस आपला, सह्याद्री आपला, आणि मोजपट्टी मात्र निलगिरीत.

आपल्याकडे एका संशोधन प्रकल्पाला मिळतात तीन वर्षं. पहिलं वर्ष परवानग्या आणि उपकरणांच्या निविदांत जातं, शेवटचं खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्रात. मधल्या वर्षी पाऊस कमी झाला तर संपलंच. आणि ज्या कारवीने आपले डोंगर झाकलेले आहेत, ती फुलते सात-आठ वर्षांनी. २०१६ ला बऱ्याच डोंगरांवर फुलली, पुन्हा २०२४ ला फुलली. एक बहर ते दुसरा बहर एवढा काळ पाहायचा म्हटलं तर आपले तीन प्रकल्प एकापाठोपाठ एक लावावे लागतील, आणि दर वेळी नवा विद्यार्थी नव्याने डोंगर शिकेल. त्यात फुलल्यावर कारवी मरते, बी पडतं, खाली नवी रोपं उठतात, वाळलेल्या काड्या मग वणव्याला आयतं सरपण होतात. बहराच्या पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत आग जास्त लागते का, लागली तर रोपांचं काय होतं, हा साधा प्रश्नसुद्धा तीन वर्षांच्या मापात बसत नाही.

कासचंच घ्या. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मग कासवर माणसांचा लोंढा आला. फुलं वाचवायला कुंपण झालं. कुंपणाने माणसं अडली तशी गुरंही अडली. थोड्याच वर्षांत ओरड सुरू झाली की गुरं चरत नाहीत म्हणून गवत माजलं आणि फुलं दबली, कुंपण काढा. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की नाही, फुलं कमी झाली ती तुडवल्यामुळे, पावसाच्या लहरीमुळे. दोन्ही बाजूंना माझ्या ओळखीची, सड्यावर जीव असलेली माणसं आहेत. हा वाद वर्तमानपत्रात मिटणार नाही, आणि बैठकीत तर नाहीच. त्याला एकच उपाय आहे. सड्यावर खोल्याखोल्यांएवढे चौकोन आखायचे, काहींत गुरं सोडायची, काहींत नाही, काहींत माणसांना चालू द्यायचं. आणि दर पंधरवड्याला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गुडघे टेकून मोजत बसायचं. चवर किती, तेरडा किती, गेंद किती, गवत किती उंच, वायतुऱ्याच्या डबक्यात पाणी किती दिवस टिकलं. असं दहा-पंधरा वर्षं. मग कुंपण ठेवायचं की काढायचं ते आकडे सांगतील आणि कुंपण हलवायचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात काहीतरी ठोस असेल. देखभाल म्हणते ती ही. फलक लावणं आणि पाच जूनला रोप लावून फोटो काढणं याला मी देखभाल धरत नाही.

आता एक सावधगिरी. अमेरिकेचा नमुना जसाच्या तसा उचलू नये. तिथला १९६४ चा अरण्य कायदा माणसाला जंगलातला पाहुणा मानतो, मुक्काम न करणारा. पण ज्या बिग क्रीक ओढ्याच्या काठावर टेलर केंद्र आहे, त्याच भागातून १८७९ मध्ये अमेरिकन सैन्याने तुकुदिका या मूळ लोकांना लढाई करून हुसकावलं होतं. रिकामं दिसणारं ते अरण्य आधी रिकामं केलेलं होतं. आपल्याकडे तर कोयना आणि चांदोलीच्या पाण्याखाली आणि अभयारण्याच्या हद्दीत किती गावं उठली, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. धनगर, कातकरी, महादेव कोळी, ठाकर यांना वगळून सह्याद्रीतल्या जंगलाचा अभ्यास करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं काय? ज्या तुकड्यांत सरकारचा एक पहारेकरी नव्हता, तिथं देवाच्या भीतीने आणि गावाच्या शिस्तीने जुनं जंगल टिकलं होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या मागे त्या ग्रामसभेचा कित्येक वर्षांचा स्वतःचा अभ्यासगट होता. विद्यापीठाने अशा लोकांकडे शिकवायला नव्हे, नोकरीला बोलवायला जावं.

म्हणजे नेमकं काय? केंद्राचे कायम कर्मचारी आसपासच्या गावातले असावेत. वाटाड्या, रोजंदारीवरचा मजूर, चहा करणारा माणूस एवढ्यावर त्यांना ठेवू नये. निरीक्षक म्हणून, पगारपत्रकावर, निबंधावर नाव लागेल असं त्यांचं स्थान असावं. एखादा धनगर पोरगा गवत पाहून सांगतो की या पट्ट्यात गवे परवा होते. त्याला वही, जीपीएस आणि महिन्याचा पगार दिला तर तो पुढची तीस वर्षं ते लिहून ठेवेल. आमचा पीएचडीचा विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो. जाऊ दे, त्याला जायलाच हवं. वही राहायला हवी.

वह्यांचं मी जरा जवळून पाहिलं आहे. एका विभागात एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. नाव-गाव सांगत नाही. सड्यावरच्या फुलांच्या पहिल्या कळीच्या तारखा ते वर्षानुवर्षं लिहीत असत, पावसाच्या नोंदीसकट, शाईच्या पेनने. ते निवृत्त झाले, कपाट हवं होतं म्हणून कपाट रिकामं केलं, वह्या रद्दीत गेल्या. कुणी वाईट हेतूने केलं नाही. त्या वह्या कुणाच्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, एवढंच. हवामान बदलावर आज आपण परिषदा भरवतो आणि पन्नास वर्षांपूर्वी सोनकी कधी फुलत होती ते शोधायला परदेशातल्या वनस्पतिसंग्रहांचे फोटो उघडतो.

पैशाचं काय, हा प्रश्न आपण विचारालच. उत्तर देते. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला. पुढे तिथले धक्के थांबेनात, तेव्हा केंद्र सरकारने कराडजवळ खास भूगर्भ प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे इथं ३ किलोमीटर खोल बोअर मारलं. योग्यच केलं, जमिनीखाली काय चाललं आहे ते कळायलाच हवं. पण त्याच डोंगरात खडक समजून घ्यायला तीन किलोमीटर खोल जाता येतं, तर वरच्या वीतभर मातीसाठी चार खोल्या, एक स्वयंपाकघर, दोन स्वच्छतागृहं आणि एक भरवशाचा इन्व्हर्टर जमत नाही, हे मला पटत नाही. नवी इमारत तर नकोच. जुन्या धरणवसाहतींतली, खात्यांची पडीक विश्रामगृहं ठिकठिकाणी आहेत. त्यातलं एखादं दुरुस्त करा. अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात शिरायची गरज नाही, कडेचं गाव पुरे.

विद्यार्थी कुठून येणार? नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्प, समाजाशी जोडलेले उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक (क्रेडिट) दिलेच आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास. आज ते तास बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र मिळवण्यात भरले जातात. तेच तास सड्यावर भरू द्या. वाणिज्याच्या मुलीने कासच्या पार्किंगचे पैसे कुठल्या गावात किती राहतात ते तपासावं, मराठीच्या मुलाने धनगरांच्या गवताच्या नावांचा कोश करावा, अभियांत्रिकीच्या पोरांनी पावसात न बिघडणारा कॅमेरा-ट्रॅपचा डबा बनवावा. फेब्रुवारी ते मे या काळात वनरक्षक आणि गावकऱ्यांबरोबर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारे मोकळे पट्टे, काढायलाही हीच मुलं जातील. वणवा का लावतात याची कारणं गावात बसून ऐकल्याशिवाय कळत नाहीत. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं हा समज आहे, कुठे शिकारीसाठी रान मोकळं करायचं असतं, कुठे नुसती विडी.

पालक मुलींना पाठवणार नाहीत, असं एका बैठकीत मला ऐकवण्यात आलं. पाठवतात. दार आतून बंद होणारी खोली, रात्री दिवा, मुक्कामाला एक बाई कर्मचारी आणि सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या दवाखान्यात आहे याची खात्री, एवढं असलं की पाठवतात. जळवांना त्यांच्या आयासुद्धा घाबरत नाहीत.

आपणाकडे तीन गोष्टी मागते. येत्या विद्या परिषदेच्या बैठकीत हा विषय ठेवा आणि चारही विद्यापीठांनी मिळून एक केंद्र करण्याची तयारी दाखवा. चार फलक आणि चार उद्घाटनं नकोत. वनखात्याशी करार किमान पंधरा वर्षांचा करा. आणि वन्यजीव कायद्याखालचा परवानगीचा अर्ज प्राध्यापकाच्या नावाने न करता विद्यापीठाच्या नावाने करा. आज परवानगी व्यक्तीला मिळते, व्यक्ती बदलली की कागद पुन्हा पहिल्या टेबलापासून फिरतो, आणि तोवर पावसाळा निघून गेलेला असतो. यातली तिसरी गोष्ट करायला एक रुपयाही लागत नाही. तिथून सुरुवात केलीत तरी चालेल. अर्जाचा मसुदा मी आणि माझे काही सहकारी लिहून द्यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एक प्राध्यापिका